किती देते?

माणसाने आयुष्यात एक तरी स्वप्न उराशी जपावं आणि ते पुरं होईपर्यंत त्यासाठी देह झिजवावा, असं माझं ठाम मत आहे. आमच्या मंदाआत्याने असं एक स्वप्न जवळजवळ चाळीस वर्षं जपलं. देह माझा झिजला, कारण गाडी ढकलायला मी होतो.

पण ढकलणं नंतर आलं. आधी रविवार सकाळचे पोहे होते, आणि पोह्यांवर लिंबू पिळता पिळता आत्या म्हणाली, "दादा, मी गाडी घेतेय."

मिरज जंक्शन असल्यामुळे आमच्याकडे गाडी म्हणजे आगगाडी. नानांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "कुठली? महालक्ष्मी?"

"मोटारगाडी. विकत घेतेय."

पेपर खाली आला.

"दोन सीटची आहे. वरून उघडी. एमजी. स्पोर्ट्स कार."

नानांनी आत्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे. आजोबांकडूनही काही खुलासा आला नाही, तेव्हा त्यांनी तो प्रश्न विचारला.

"किती देते?"

आमच्या घराण्यात वाहनाला हा एकच प्रश्न विचारला जाई. एका लिटरला किती किलोमीटर. नानांनी तो शेजाऱ्याच्या लुनाला विचारला होता, शाळेच्या बसला विचारला होता आणि एकदा बेळगावच्या विमानतळावर, माझ्यासमोर, एका विमानाबद्दल विचारला होता.

"स्पोर्ट्स कारला किती देते असं विचारत नाहीत, दादा."

"मग काय विचारतात?"

आत्याने जरा विचार केला. "किती पळते."

"ऐकलंस?" नाना आईला म्हणाले. "मंदा पळणार."

आत्या मुलींच्या हायस्कुलात भूमिती शिकवायची. तिचं लग्न राहून गेलं होतं. आमच्या घरी हे वाक्य 'बसमध्ये छत्री राहून गेली' याच सुरात म्हटलं जाई. गावातल्या बाया लुनावर आल्या तरी ती सायकलवरच होती. शाळा सुटली की ओसरीवर शिकवण्या. दिवाळीला सगळ्यांना कपडे, तिला मात्र "आहेत की". या सगळ्यातून जे साठत होतं त्याला घरात 'मंदाची सोय' म्हणत. सोय कशाची हे तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हातारपणाची असणार, दुसरी कसली असते? नानांनी तर त्या सोयीवर एक पूर्ण योजना बेतली होती. सोयीतून घरावर माडी चढवायची, माडी झाली की माझं लग्न, माझं लग्न झालं की आत्याच्या म्हातारपणी बघायला माणसं. चौकोन चारी बाजूंनी बंद होता. फक्त तो भूमितीच्या बाईंना कुणी दाखवला नव्हता.

"मंदा, अगं हे साध्य तरी आहे का?" नाना म्हणाले.

"साध्य ठरलेलंच आहे. सिद्धता तेवढी राहिलीय," आत्या म्हणाली आणि पोह्यांची ताटली विसळायला घेऊन गेली. मग आतूनच म्हणाली, "सांगलीला वखारभागात आहे. पेपरात जाहिरात होती. हेरंबला घेऊन जाते बरोबर."

नानांनी मला अंगणात गाठलं.

"हे बघ, तिला नाही म्हणून उपयोग नाही. लहानपणापासून नाही म्हटलं की ती ऐकून घेते आणि करायचं ते करते. तू जा आणि खोटी काढ. मुलगी बघायला गेल्यावर काढतात तशा. रंग, उंची, आवाज, काहीही. नापसंत म्हणून परत या."

"माझ्या वेळी कोण गेलं होतं खोटी काढायला?" आई खिडकीतून म्हणाली.

"तो विषय वेगळा आहे," नाना म्हणाले.

सांगलीच्या सिटी बसमध्ये आत्याने मांडीवरची पिशवी उघडून दाखवली. आत शाळेच्या प्रयोगशाळेतला नालाच्या आकाराचा लोहचुंबक होता, बॅटरी होती आणि एक जुना पांढरा पंचा होता. ती कुठेही तयारीशिवाय जात नसे. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन लायसन काढून ती दोन वर्षांपूर्वीच मोकळी झाली होती, हेही मला त्याच बसमध्ये कळलं. घरी सगळ्यांना ती त्या वेळी भजनाला गेल्याचं माहीत होतं.

"तुला दादाने खोटी काढायला सांगितलंय ना?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. तिने मला आठवी ते दहावी ओसरीवर शिकवलं होतं. "हो."

"छान. मोठ्याने काढ. आणि एक. तिथे माझं नाव घ्यायचं नाही. आडनाव तर नाहीच. नुसतं आत्या म्हण."

"का?"

"ओळख निघाली की भाव एकतर चढतो, नाहीतर उतरतो. दोन्ही वाईट."

वखार हळदीची होती. दारातूनच नाकात शिरली. आत पोत्यांच्या थप्प्या छताला टेकलेल्या, आणि वरच्या झरोक्यातून येणारं ऊनसुद्धा पिवळं होऊन खाली पडत होतं. गुरुपादशेठ शेटे गादीवर बसले होते. पांढरं धोतर, काळी टोपी, खांद्यावर उपरणं. वय पासष्टीच्या घरात. पिढ्यान्पिढ्या अडतीचा धंदा केल्यामुळे त्यांच्या भुवयासुद्धा पिवळसर झाल्या होत्या.

"या की. मिरजेचं पाव्हणं न्हवं? बसा की," ते म्हणाले. मी दोनदा शिंकलो. "लागतीया पहिल्यांदा. मग सवय हुती."

गाडी मागच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली होती. शेठनी स्वतः उठून गोणपाट ओढलं. धूळ उडाली आणि खाली बसली.

गाडी मूळची मलईच्या रंगाची असणार. आता ती शिऱ्याच्या रंगाची होती. माझ्या कमरेइतकीसुद्धा उंच नव्हती. लांब नाक, त्याच्या दोन्ही बाजूंना मोठे गोल दिवे, सायकलीसारखी तारांची चाकं, आणि त्या नाकामागे दोन माणसं बसतील न बसतील एवढी खोबण. सगळी गाडी मिळून नाकच जास्त होतं. मी आत्याकडे पाहिलं. तिने दाराच्या कडेवर हात ठेवला होता. माझं लक्ष आहे हे कळताच तिने तो उचलला आणि चेहरा पेपर तपासतानाचा केला.

घराण्याचं कर्तव्य म्हणून मी सुरुवात केली. "किती देते?"

"म्हस हाय काय ती?" शेठ म्हणाले.

मी ठरल्याप्रमाणे कामाला लागलो. टायर गुळगुळीत आहेत. वरचं कापड उसवलंय. काच तडकलीय. आत्या प्रत्येक खोटीला गंभीरपणे मान हलवत होती, जणू मी तिच्या मनातलं दुःख बोलून दाखवत होतो. तिने लोहचुंबक काढून पत्र्यावरून फिरवायला सुरुवात केली. टक्, टक् असा चिकटत तो मागच्या चाकावरच्या पत्र्यापाशी आला आणि टप्पकन खाली पडला.

"इथे पत्रा नाही," आत्या म्हणाली. "भोक लांबीने बुजवून वर रंग दिलाय."

"बैलगाडी लागली हुती," शेठ म्हणाले. "बैलाची चूक हुती."

चहा येईपर्यंत तिने इंजिनखाली पंचा अंथरून ठेवला. चहा आल्यावर तो ओढून पाहिला. मधोमध एक काळा ठिपका होता.

"तेल गळतंय."

"गळतंय म्हंजे आत हाय. दर दसऱ्याला चालू करतो मी. पूजा करतो, वखारीभवती एक फेरी मारतो आणि ठेवतो."

मी डावीकडच्या दाराशी पोचलो होतो. आत बसून पाहिलं. आतली खिट्टी नुसतीच फिरत होती. "हे दार आतून उघडत नाही!" मी विजयाने ओरडलो.

"भायेरनं उघडतंय की," शेठ म्हणाले आणि येऊन दार उघडलं. "आत काय ऱ्हायाला जायचंय?"

एव्हाना माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण ते यायला मला परतीची बस लागली. खोटी मी काढत होतो आणि भाव पडत होता. नानांनी आत्याला एक फुकटचा वकील लावून दिला होता.

"घेनार असला तर आजच बोला," शेठ म्हणाले. "वखार मोकळी करायची हाय, पोराला बांधकाम करायचंय. उद्या पुन्याचा येक बिल्डर ट्रक घिऊन येनार. हॉटेल हाय त्याचं हायवेला. दारात चौथरा बांधून वर मांडनार म्हनतो. चाकं काढून."

"चाकं काढून?" आत्या म्हणाली.

आल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज पेपर तपासण्याचा नव्हता. शेठनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे वळले, कारण व्यवहार पुरुषमाणसाशी करायचा असतो, मग ते शिंकत का असेना.

"किती म्हणता?" मी विचारलं.

"तोंडानं?" शेठना वाईटच वाटलं. "तोंडानं भाव सांगत न्हाईत आमच्यात. भाव तोंडातनं भायेर पडला की गावचा हुतो." त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून उजव्या हातावर टाकलं आणि हात पुढे केला. "घाला हात."

सांगलीच्या हळद बाजारात सौदे रुमालाखाली होत, हे मी ऐकून होतो. वर हवापाण्याच्या गप्पा, खाली बोटं. किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, यावर आकडा ठरायचा. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही पत्ता लागायचा नाही. ऐकून असणं वेगळं आणि एका पासष्टीच्या अडत्याने उपरण्याखाली तुमची तीन बोटं मुठीत घेणं वेगळं. मला गुदगुल्या झाल्या. काहीतरी उत्तर देणं भाग होतं, म्हणून मी पाहुण्याचा हात दाबावा तसा त्यांचा अख्खा पंजा दोनदा प्रेमाने दाबला.

शेठ चपापले. "अगागा," ते आत्याला म्हणाले. "म्या मागितलं त्याच्या दुप्पट द्यायलंय हे पोरगं."

"हेरंब, हात काढ," आत्या म्हणाली.

तिने पिशवी खाली ठेवली, उजवा हात पदराला पुसला आणि पुढे झाली. शेठनी उपरण्यासकट हात मागे घेतला.

"न्हाई ओ, बाई. असं न्हाई. आजवर या उपरन्याखाली बाईमानसाचा हात गेला न्हाई."

"माझाही कुणाच्या उपरण्याखाली गेलेला नाही," आत्या म्हणाली. "चला."

तिचा हात आत गेला. मी उपरण्याकडे पाहत होतो. ते जरासं हललं, थांबलं, पुन्हा हललं. आणि शेठच्या पिवळ्या भुवया टोपीपर्यंत गेल्या.

"ही बोटं कुठली?"

आत्याने हात तसाच ठेवला.

"बाजारात अशी न्हाई धरत. ही आमच्या पेढीची बोटं हाईत. घरातल्या मानसांची. कुनी शिकवली?"

"दिवाणजींनी."

वखारीत कुठेतरी एक मांजर थप्पीवरून खाली उतरलं, त्याचा आवाज आला. माझे आजोबा शेट्यांच्या पेढीवर दिवाणजी होते, एवढं मला माहीत होतं. ते घरी पोरीला बेरीज-वजाबाकी बोटांच्या पेरांवर शिकवत आणि ती पेरं पेढीची असत, हे माहीत नव्हतं. ज्या गोष्टीसाठी आत्याने आपलं नावसुद्धा घ्यायला मला बंदी केली होती, ती तिच्या बोटांनीच फोडली.

"आगाशे दिवाणजी?" शेठ म्हणाले. "म्हंजे तू मंदा."

"होय."

"दिवाणजींचा डबा घिऊन यायचीस. रेल्वेनं."

"होय."

"येकदा परत जाताना तुला सोडली हुती म्या. ह्या गाडीतनं. नवीन आनली हुती आप्पांनी. मिरजेला सोडली हुती."

"मिरजेला नाही," आत्या म्हणाली. शिकवताना चूक खपवून घ्यायची नाही ही तिची जुनी सवय. "मिरजेला सोडतो म्हणाला होतात. गणपतीच्या देवळाच्या कोपऱ्यावर तुमचे आप्पा दिसले. तिथे उतरवलंत."

शेठ खाली बघायला लागले. "दार उघडंना तुला."

"तेव्हाही आतून उघडत नव्हतं. तुम्ही उतरून वळसा घालून आलात आणि उघडलंत. आप्पा बघत होते तरी."

"नवी असतानाच बिघडलं म्हणजे," मी म्हणालो. माझं काम चालूच होतं. "मग चाळीस वर्षांत दुरुस्त का नाही केलं?"

दोघांचे हात अजून उपरण्याखालीच होते. काढायचे त्यांच्या ध्यानात नसावं.

"आता भाव कसला करायचा, मंदा?" शेठ म्हणाले. आवाज बसला होता, हळदीने असेल. "दिवाणजींच्या लेकीकडनं पैसं घिऊ व्हय मी? न्हे की. तुजीच समज."

मला वाटलं, जिंकलो. गाडी आली, सोय वाचली, माडी झाली. मी आत्याकडे मोठ्या आशेने पाहिलं. तिची मान ताठ झाली होती.

"फुकट नको. कोपऱ्यापर्यंत फुकट बसून झालंय माझं."

"आगं पन—"

"भाव करणार असाल तर करते. नाहीतर उद्या तुमचा ट्रक येऊ दे. चाकं काढू दे. चल रे हेरंब."

असं म्हणाली, पण जागची हलली नाही. शेठनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने उपरणं सारखं केलं, दोघांचे हात नीट झाकले आणि म्हणाले, "बरं. बोल."

आणि सौदा सुरू झाला. दोघं समोरासमोर उभे, बाहेरच्या रस्त्याकडे बघत. शेठ म्हणाले, यंदा हळदीला कीड न्हाई. आत्या म्हणाली, मिरजेला पाणी एकदाच येतं. उपरणं कधी हलायचं, बऱ्याचदा नाही. मी माझ्या परीने हातभार लावत होतो. भोंगा वाजत नाही. डाव्या दिव्यात पाणी शिरलंय. स्टेपनीचा नट नाही. खऱ्या खोटी संपल्यावर मी तयार करायला लागलो. रंग भडक आहे. उंची कमी आहे. नाक लांब आहे. दोघंही माझं ऐकत नव्हते. राहिलेल्या चहावर साय आली आणि त्या सायीवरही हळद बसली.

इतका लांबलेला सौदा मी आयुष्यात पाहिलेला नाही. मला वाटलं, हे उलटं चाललं असावं: शेठ उतरवतायत आणि आत्या चढवतेय.

"झालं?" शेठ म्हणाले.

"झालं," आत्या म्हणाली.

तिचा हात बाहेर आला तेव्हा मनगटापर्यंत पिवळा होता.

"पैसे सोमवारी बँकेतून."

"दे सवडीनं. गाडी आजच न्हे. पोरगं रातीत पुन्याला फोन लावंल."

यानंतर माझा देह झिजला. वखारीच्या दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत मी ती गाडी ढकलली. आत्या स्टिअरिंगशी, काळ्या किनारीचा पदर कमरेला खोचून, पाठ शाळेत बसावी तशी ताठ. तिसऱ्या ढकलण्याला गाडीने खोकला काढला, मागून पिवळा धूर सोडला, तोही हळदीचाच असणार, आणि सुरू झाली. मी धावत जाऊन दार धरलं. आत शेठ बसले होते.

"गिअर दाखवाय पायजेत न्हवं," ते म्हणाले आणि टोपी घट्ट केली.

गाडी दोनच माणसांची होती. मी बसने आलो.

नाना फाटकातच होते. "काढल्यास खोटी?"

"भरपूर."

"मग?"

"गाडी येतेय."

नानांनी डोळे मिटून घेतले. मग उघडून विचारलं, "किती देते?"

"म्हैस आहे का म्हणाले."

आईने मात्र नारळ काढला, निरांजन लावलं, भाकरतुकडा केला. वाहन कसंही आलं तरी घरात नवं येतंय, ओवाळायला पाहिजे, असं तिचं म्हणणं. आम्ही थांबलो. सांगली ते मिरज म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. चारची वेळ टळली. पाच वाजून गेले. गल्लीतली माणसं जमली, कंटाळली, घरी जाऊन चहा घेऊन परत आली. उन्हं उतरली तेव्हा कोपऱ्यावर तो खोकला ऐकू आला.

"एवढा उशीर?" नाना म्हणाले.

"रस्ता चुकलो," आत्या म्हणाली.

सांगली-मिरज रस्ता सरळ आहे. त्यात चुकायला जागा नाही.

वाऱ्याने वखारीतली सगळी धूळ गाडीतून उडून आत बसलेल्या दोघांवर आली होती. आत्याचे केस, कपाळ, पांढरी साडी, शेठची टोपी, धोतर, सगळं पिवळं. आत्या हसत नव्हती. पण मी तिला इतकी वर्षं पाहत आलो होतो आणि तो चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता.

"बसून राहा, उतरू नका," आई म्हणाली. "ओवाळते." तिने आधी गाडीला ओवाळलं. मग गाडीत माणसं आहेत म्हटल्यावर त्यांनाही ओवाळलं, दोघांना मिळून. कुंकू लावलं. मग हळदीचं बोट उचललं आणि थांबली.

"हिला आधीच लागलीय," ती म्हणाली.

ती गाडीबद्दल बोलत होती.

नानांनी विनाकारण खाकरून फाटकाची कडी तपासली. आत्या आपल्या बाजूने उतरली, त्या लांब नाकाला वळसा घालून पलीकडे गेली आणि बाहेरून शेठचं दार उघडलं.

माडी झाली नाही. माझं लग्न माडीशिवाय झालं. शेठ दर रविवारी 'गाडी बघायला' यायचे, बसने. आम्ही गाडी ढकलायचो. पुढे माझा मुलगाही ढकलायला लागला. दोघं कधी बेडगच्या रस्त्याला जायची, कधी म्हैसाळच्या बाजूला नदीपर्यंत. परत आल्यावर शेठ आत तसेच बसून राहायचे, आत्या वळसा घालून जायची, दार उघडायची. मग ओसरीवर चहा, आणि सातच्या बसने ते जात. गावाने पहिलं वर्षभर चर्चा केली. मग गावाला दुसरं काहीतरी मिळालं. नाना प्रत्येक रविवारी विचारायचे, "मंदा, किती देते ते तरी सांग," आणि आत्या प्रत्येक रविवारी म्हणायची, "बघितलं नाही, दादा." नाना गेले, पण त्यांना आकडा कळला नाही.

शेठ गेले त्याच्या पुढच्या रविवारी आत्या सकाळीच साडी नेसून ओसरीवर बसली होती. मी म्हणालो, चल. ती म्हणाली, तू चालव. गुडघ्यांमुळे तिला क्लच झेपत नव्हता, असं तिने कारण दिलं. ती पहिल्यांदाच डाव्या बाजूला बसली. पहिल्यांदा नव्हे, दुसऱ्यांदा.

नदीवर आम्ही थोडा वेळ थांबलो. परत निघताना मी विचारलं. इतकी वर्षं विचारीन म्हणत राहून गेलं होतं.

"आत्या, त्या दिवशी उपरण्याखाली शेवटी भाव उलटा चालला होता ना? ते कमी करत होते आणि तू वाढवत होतीस?"

"छे," आत्या म्हणाली. "भाव पहिल्याच बोटाला ठरला. त्यांनी मी मनात धरलेलाच आकडा धरला. मी हो म्हटलं."

"मग एवढा वेळ काय चाललं होतं?"

तिने समोर रस्त्याकडे पाहिलं.

"त्यांनी हात सोडला नाही. मी म्हटलं, आपण काढून घेणं बरं दिसत नाही."

फाटक आलं. गाडी थांबवून मी उतरलो आणि दार उघडायला वळसा घालायला लागलो. नाकापर्यंत पोचलो असेन नसेन, आत्याने उघड्या गाडीतून हात बाहेर काढला, बाहेरची मूठ फिरवली आणि दार उघडून उतरली.

मी तसाच उभा राहिलो. "हे तुला येत होतं?"

"त्यात काय यायचंय? दाराची उंची ती काय. चौदा वर्षांची होते तेव्हाही हात पोचत होता."

"आणि शेठना?"

"पोचत असणारच. माझ्यापेक्षा उंच होते." तिने दार लावलं. नीट लागलं का ते ओढून पाहिलं. "विचारलं नाही कधी."

समोरच्या घरातला नवा भाडेकरू मोटारसायकल पुसत होता. तो फडकं हातात घेऊन पुढे आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भारी आहे हो गाडी. किती देते?"

मी आत्याकडे पाहिलं.

"सात," आत्या म्हणाली.